कमी भाडे आणि सरकारी अनुदान : दोन वेगळ्या गोष्टी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत सहकारी घरांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्याचा मुख्य मुद्दा असा होता की, सहकारी संस्थेतील घराचे भाडे बाजारभाड्यापेक्षा जितके कमी असेल, तितके सरकारी अनुदान त्या घरातल्या कुटुंबाच्या पदरात पडले असे धरावे आणि ज्यांना त्याची गरज नाही त्यांच्याकडून ते काढून घ्यावे. लेखाचा उत्तरार्ध मला बऱ्याच अंशी पटला. पूर्वार्धातले समीकरण मात्र मुळातच चुकलेले आहे, आणि ते रूढ झाले तर अनुदान जिथे खरोखर वाया जाते तिकडे कोणाचे लक्षच जाणार नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे पत्रात आकडेमोडीचा सोस दिसेल; तो वाचकांनी सहन करावा.

आधी शब्दांचा घोळ दूर करतो. ‘सोसायटी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मालकीची सदनिका आणि महिन्याचा देखभाल खर्च येतो. लेखात ज्या संस्थांचा विचार होता त्या वेगळ्या आहेत. तिथे जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची असतात किंवा जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलेली असते. सभासद भागभांडवल भरतो, घरात राहण्याचा हक्क मिळवतो आणि दरमहा संस्थेला भाडे देतो. म्हणजे तो एकाच वेळी भाडेकरूही असतो आणि घरमालकांपैकी एकही. ही दुहेरी भूमिका ध्यानात ठेवली नाही, तर भाडे कसे ठरते हे कळणे कठीण आहे.

असे भाडे खर्चावरून ठरते. कर्जाचा हप्ता, जमिनीचे भाडे, कर, विमा, पाणी आणि सामाईक वीज, नित्याची दुरुस्ती, कारभाराचा खर्च, रिकाम्या घरांमुळे आणि थकबाकीमुळे येणारी तूट, आणि राखीव निधीत टाकायची रक्कम या साऱ्यांची बेरीज करायची आणि ती घरांच्या आकारमानाप्रमाणे वाटून द्यायची. झुरिचमधील सहकारी संस्था हेच ‘खर्चाधारित भाडे’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. बांधकामाला आणि जमिनीला प्रत्यक्ष जो खर्च आला त्यावरील व्याज आणि इमारतीच्या विमामूल्याच्या ठरावीक प्रमाणात चालू खर्च, एवढेच तिथे भाड्यात धरता येते. आजूबाजूची जमीन कितीही महागली, तरी ती वाढ भाड्यात येत नाही, कारण संस्थेने ती जमीन पुन्हा विकत घेतलेली नसते.

लेखकाचे समीकरण नेमके इथे मोडते. समजा, दोन सारख्या इमारती एकाच वर्षी, सारख्याच खर्चात उभ्या राहिल्या. एक खासगी मालकाची, दुसरी सहकारी संस्थेची, आणि दोघांनाही सरकारने छदामही दिलेला नाही. पहिल्या वर्षी दोन्हीकडचे भाडे जवळपास सारखे असेल. सहकारी घराचे किंचित कमी, कारण त्यात मालकाचा नफा नाही. पंचवीस वर्षांनी पाहिले तर खासगी इमारतीचे भाडे बाजाराबरोबर चढत गेलेले असते, शिवाय ती मध्यंतरी एकदा विकली गेली असेल तर नव्या मालकाने चढ्या किमतीवर काढलेल्या नव्या कर्जाचा बोजाही त्यात मिसळलेला असतो. संस्थेचा हप्ता मात्र जुन्याच कर्जाचा असतो. दोन भाड्यांत आज दिसणारी तफावत कोणत्याही सरकारी तिजोरीतून आलेली नाही. इमारत विकली गेली नाही आणि तिची किंमत नव्याने वाढवून मांडली गेली नाही, एवढ्यानेच ती निर्माण झाली. तिला अनुदान म्हणणे म्हणजे जुने घर न विकणाऱ्या माणसाने न मिळवलेल्या नफ्याचा हिशेब त्याच्याच नावावर खर्ची टाकणे होय.

आता खऱ्या अनुदानाकडे येतो, कारण ते नसतेच असे माझे म्हणणे मुळीच नाही. सवलतीच्या दराने जमीन, बांधकामासाठी एकरकमी भांडवली मदत, कमी व्याजाचे कर्ज, कर्जाची हमी, करमाफी ही सारी इमारतीला मिळणारी मदत आहे. ती संस्थेचा खर्च कमी करते आणि तिचा लाभ श्रीमंत-गरीब असा भेद न करता प्रत्येक सभासदाला मिळतो. याउलट, कमी उत्पन्नाच्या कुटुंबाने आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्साच भाड्यापोटी द्यावा आणि उरलेली रक्कम सरकारने संस्थेला द्यावी, ही कुटुंबाला मिळणारी मदत आहे. पहिली मदत विटांना, दुसरी माणसांना. दोन्ही एकाच ‘अनुदान’ या शीर्षकाखाली लिहिल्या जातात, आणि माझ्या अनुभवात निम्मी भांडणे तिथूनच सुरू होतात.

या दोहोंची सांगड कशी घालावी, याचा एक मोठा प्रयोग कॅनडात झाला. १९७३ साली तिथल्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी घरांसाठी स्वतंत्र केंद्रीय योजना आली आणि १९७९ पासून तिचे नवे रूप लागू झाले. संस्था कर्ज बाजारदराने काढत असे, पण त्या व्याजाचा हप्ता आणि २ टक्के व्याजाने आला असता तो हप्ता, यांतील फरकापर्यंत मदत सरकार देत असे. त्या काळात कर्जाचे व्याजदर कुठल्या कुठे गेले होते हे आठवले, तर ही मदत किती मोठी होती हे लक्षात येईल. या रकमेतून आधी सर्वांचा मासिक आकार आसपासच्या भाड्यांच्या खालच्या पातळीशी आणून ठेवायचा आणि मग जे उरेल त्यातून कमी उत्पन्नाच्या सभासदांचा आकार त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात आणखी उतरवायचा, अशी रचना होती. एकाच मजल्यावर पूर्ण आकार भरणारे कुटुंब आणि उत्पन्नानुसार आकार भरणारे कुटुंब शेजारी शेजारी राहत असे, आणि कोण किती भरतो हे दारावरून ओळखू येत नसे. या योजनेतला मला सर्वांत आवडलेला भाग तोच आहे.

पण तिच्यात एक गाठही होती, आणि ती सुटायला पस्तीस वर्षे लागली. सरकारशी झालेला करार कर्जाच्या मुदतीला बांधलेला होता. कर्ज फिटले की करार संपणार आणि करार संपला की मदतही संपणार. हप्ताच उरला नाही तर भाडे आपोआप उतरेल, मग मदत कशाला, असा त्यामागचा हिशेब. कागदावर तो बिनचूक आहे. प्रत्यक्षात मात्र ज्या वर्षी कर्ज फिटते त्याच सुमारास छप्पर, जलवाहिन्या, खिडक्या, लिफ्ट यांचेही आयुष्य संपत आलेले असते, कारण त्याही कर्जाइतक्याच जुन्या असतात. शिवाय उत्पन्नानुसार भाडे भरणारी विधवा किंवा अपंग सभासद कर्ज फिटले म्हणून कमावती होत नाही. विटांची मदत आणि माणसांची मदत एकाच करारात, एकाच तारखेला संपवण्याचा हा परिणाम होता. पुढे अशा कुटुंबांसाठी केंद्र सरकारला वेगळी, मुदतीची मदत सुरू करावी लागली.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला. १९७४ च्या गृहनिर्माण कायद्याने नोंदणीकृत संस्थांसाठी जे भांडवली अनुदान आणले, त्यात आधी भाडे ठरत असे. सरकारी भाडे-अधिकारी वाजवी भाडे ठरवून देई, त्या भाड्यातून कारभाराचा खर्च वजा जाता किती कर्ज फेडता येईल ते पाहिले जाई, आणि बांधकामाचा उरलेला सारा खर्च अनुदान म्हणून मिळे. १९८८ च्या कायद्याने हा क्रम उलटा केला. आधी अनुदानाचे प्रमाण ठरू लागले, उरलेली रक्कम खासगी कर्जातून उभारायची ठरली, आणि त्या कर्जाला पुरेल एवढे भाडे ठेवणे भाग पडले. भाडी वाढली. भाड्यावरून अनुदान ठरवायचे की अनुदानावरून भाडे, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो, पण वाढलेल्या खर्चाचा भार कोणाच्या अंगावर पडणार हे त्यावरच ठरते.

याबाबतीत सर्वांत बोलका दाखला मला न्यूयॉर्कमधील को-ऑप सिटीचा वाटतो. ब्राँक्समध्ये उभारलेल्या या सहकारी वसाहतीत १५,३७२ घरे आहेत आणि पहिली कुटुंबे तिथे १९६८ च्या अखेरीस राहायला आली. १९५५ च्या मिचेल-लामा कायद्याखाली तिला राज्याच्या वित्तसंस्थेचे स्वस्त कर्ज आणि करसवलत मिळाली होती. सभासदांना आधी जो मासिक आकार सांगितला गेला, तो बांधकामाचा खर्च आणि व्याज यांच्या आशावादी अंदाजावर बेतलेला होता. खर्च वाढत गेला, कर्जाचा आकडा फुगला आणि मासिक आकार पुन्हा पुन्हा वाढवावा लागला. अखेर १९७५ च्या जूनमध्ये बहुसंख्य रहिवाशांनी संस्थेला पैसे देणेच बंद केले; धनादेश रहिवाशांच्या समितीकडे जमा होत राहिले आणि हा भाडेसंप १३ महिने चालला. शेवटी कारभार रहिवाशांच्या हाती आला. त्यानंतर त्यांच्याच संचालक मंडळाला मासिक आकार वाढवावा लागला, कारण कर्ज, डागडुजी आणि इंधनाची देणी कोण अध्यक्ष आहे ते पाहून कमी होत नाहीत. रहिवाशांची फसवणूक झाली नाही असे मी म्हणणार नाही. मात्र ती पहिल्या दिवसाचे भाडे खऱ्या खर्चापेक्षा कमी सांगण्यातून झाली, आणि त्या भाड्याला लोक कौतुकाने ‘स्वस्त’ म्हणत होते.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला मी लेखापरीक्षक म्हणून हजर होतो. त्या संस्थेला सवलतीचे कर्ज मिळाले होते आणि तिचे भाडे इतके कमी होते की बाहेरच्या लोकांना हेवा वाटावा. खजिनदार दरवर्षी थोडीशी भाडेवाढ सुचवी आणि सभा दरवर्षी ती हात वर करून फेटाळी. भाडे ठरवणारे आणि भाडे भरणारे एकच असले की असे होतेच. सहकाराचा हा दोष मान्य केलाच पाहिजे. राखीव निधीत टाकायची रक्कम अंदाजपत्रकात छापलेली असे, पण वर्षअखेरीची तूट भरून काढायला तीच उचलली जाई, आणि सलग सहा ताळेबंदांत त्या निधीचा आकडा खाली खाली गेलेला मी लाल शाईने अधोरेखित केला होता. त्याचा कोणावरही परिणाम झाला नव्हता.

त्या वर्षी दुरुस्ती समितीतील एका बाईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला जलवाहिनीचा हातभर तुकडा काढून टेबलावर ठेवला. तिसऱ्या मजल्यावरची गळती काढताना प्लंबरने तो कापला होता. नळी बाहेरून चांगली रुंद होती, आतून मात्र गंजाचे थर चढून जेमतेम करंगळी जाईल एवढेच भोक शिल्लक राहिले होते. बाईंनी भाषण केले नाही. तुकडा एकामागून एक सर्वांच्या हाती फिरला. काहींनी त्यातून उजेडाकडे पाहिले. त्या संध्याकाळी भाडेवाढ मंजूर झाली, तीही खजिनदाराने सुचवली होती त्याहून जास्त, कारण आता साठवत बसायला वेळ उरला नव्हता आणि नव्या कर्जाचा हप्ताही भाड्यातच धरावा लागणार होता. आधीच्या सहा वर्षांत थोडे थोडे बाजूला पडले असते, तर निम्म्या वाढीत भागले असते. सरकारने व्याजात दिलेली सवलत पाइपांसाठी वापरायची होती. सभासदांनी ती दरमहा थोडी थोडी खाऊन टाकली. माझ्या मते अनुदानाचा सर्वांत सर्रास होणारा गैरवापर हाच आहे, आणि त्यात कोणी चोर नसतो.

उत्पन्नानुसार भाड्याविषयी लेखकाने जे लिहिले, त्यात तथ्य आहे. उत्पन्नाचा साधारण ३० टक्के हिस्सा भाड्यासाठी धरायचा हा निकष अनेक ठिकाणी वापरतात, आणि तो न्याय्यही दिसतो. पण त्याची अंमलबजावणी कशी होते यावर सारे अवलंबून असते. एका सभासदाने जादा पाळ्या करून तीन महिने चार पैसे अधिक कमावले; संस्थेच्या नियमानुसार उत्पन्नाची नोंद लगेच बदलली आणि भाडे चढले. चौथ्या महिन्यात जादा काम थांबले, तर भाडे उतरायला पुढच्या फेरतपासणीची वाट पाहावी लागली. चढताना तत्परता आणि उतरताना नियमावली, असा हा कारभार होता. वर्षातून एकदाच तपासणी, उत्पन्न घटल्यास मात्र तत्काळ सवलत, आणि उत्पन्नाची कागदपत्रे शेजाऱ्यांनी चालवलेल्या समितीपुढे न जाता एखाद्या पगारी कर्मचाऱ्याकडेच राहतील अशी व्यवस्था, एवढे केले तरी बराच मनस्ताप वाचतो. आपल्या शेजाऱ्याचा पगार किती हे जिन्यात चर्चेला येऊ लागले की गरजू माणूस अर्जच करत नाही.

उत्पन्न वाढलेल्या सभासदाला घराबाहेर काढावे, ही लेखकाची सूचना मात्र मला मान्य नाही. तो पूर्ण खर्चाइतके भाडे भरत असेल तर माणसांच्या मदतीतला एकही पैसा तो घेत नाही. विटांच्या मदतीतला वाटा त्याला मिळतो, हे खरे. त्यासाठी त्याच्यावर अधिभार लावता येतो आणि मिचेल-लामा योजनेत तसा तो लावलाही जातो. झुरिचमध्ये तर एकाच सहकारी इमारतीत काही घरे अनुदानित आणि बाकीची विनाअनुदानित असतात, आणि उत्पन्नाची अट फक्त अनुदानित घरांना लागते. सगळ्याच कमावत्यांना बाहेर काढले, तर त्या इमारतीत फक्त गरिबी उरते, आणि तुटीचा सगळा भार पुन्हा सरकारवरच येतो.

लेखातून सर्वस्वी निसटलेला मुद्दा अनुदानाच्या शेवटाचा आहे. कर्ज फिटल्यानंतर त्या स्वस्त इमारतीचे काय करायचे? ऑस्ट्रियाच्या १९७९ च्या मर्यादित-नफा गृहनिर्माण कायद्याखाली कर्ज फिटल्यावरही भाडे शून्यावर येत नाही आणि बाजाराइतके चढूही शकत नाही. कायद्याने मर्यादित केलेले मूळ भाडे चालू राहते, इमारतीच्या वयाप्रमाणे वाढणारी देखभालीची वर्गणी त्यात मिसळते, आणि जमा होणारा पैसा त्याच क्षेत्रात, म्हणजे जुन्या घरांच्या दुरुस्तीत आणि नव्या घरांच्या बांधणीत, घालावा लागतो. हिशेबांची तपासणी संस्थांच्या महासंघाकडून होते. उरुग्वेमध्ये १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने ‘वापरहक्क’ सहकाराला मान्यता दिली. तिथे परस्पर-साहाय्य संस्थांचे सभासद बांधकामावर ठरावीक तास स्वतः राबतात आणि सरकारी कर्ज मिळून फिटले तरी मालकी संस्थेकडेच राहते. घर सोडणाऱ्याला त्याने भरलेल्या भागाची रक्कम परत मिळते, घराची बाजारातील किंमत नाही.

याउलट, मिचेल-लामा कायद्याने संस्थांना २० वर्षांनंतर योजनेतून बाहेर पडण्याची वाट ठेवली, आणि काही संस्थांनी ती धरली. सार्वजनिक पैशाने स्वस्त झालेले घर बाहेर पडताच बाजारभावाने विकता आले. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस सहकारी घरांच्या विक्रीमूल्यावरील नियंत्रण उठले, आणि तेव्हापासून तिथला सभासद आपला हक्क बाजारभावाने विकू लागला. कमी भाडे भरणाऱ्या कुटुंबाकडे बोट दाखवणाऱ्या लेखकाने हा हिशेब मांडून पाहावा. पिढीभर मिळालेली सगळी मदत एका विक्रीत एका सभासदाच्या खात्यावर जमा होते, आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कुटुंबासाठी सरकारला पुन्हा पहिल्यापासून खर्च करावा लागतो.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने सभासदाच्या मासिक पावतीवर तीन ओळी छापाव्यात : या घराचा पूर्ण खर्च किती, त्यातून इमारतीला मिळालेल्या मदतीपोटी किती वजा झाले, आणि कुटुंबाला मिळालेल्या मदतीपोटी किती वजा झाले. तिसरी ओळ फक्त त्या सभासदाच्या पावतीवर असावी, सूचनाफलकावर नव्हे. पूर्ण खर्चात राखीव निधीची रक्कम धरलेली असावी, आणि ती तूट भरण्यासाठी उचलायची असेल तर सर्वसाधारण सभेत स्वतंत्र ठराव घ्यावा लागेल असा उपनियम असावा. करार संपण्याची तारीखही त्याच पावतीच्या तळाशी छापता येईल. अनेक सभासदांना ती ठाऊकच नसते, हे मी खात्रीने सांगू शकतो.

आपल्या दैनिकाने या विषयावर आणखी काही प्रसिद्ध करायचे ठरवले, तर सहकारी भाड्याशेजारी बाजारभाडे छापताना त्याच इमारतीचा पूर्ण खर्चही छापावा, ही विनंती. तो आकडा संस्थेच्या लेखापरीक्षण अहवालात असतो आणि मागितल्यास मिळतो.

कळावे.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक